एकोणीसशे फॅरडचा पेपर: एका विद्युतरसायन संशोधिकेच्या सायटेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातल्या सहयोगी प्राध्यापिकेचं आहे. नाव, गाव, वर्षं दिलेली नाहीत. आकडे ओळख पटू नये इतपत गोल केले आहेत, त्यामागचं गणित तेच ठेवलं आहे. त्यांना इथे ‘मॅडम’ म्हणू, विभागात सगळे तेच म्हणत. मी तेव्हा ग्रंथालयात संशोधनविषयक माहितीचं काम पाहत होतो. त्यांची फाईल माझ्याकडे आली ती साध्या कामासाठी: प्राध्यापकपदाच्या बढतीच्या अर्जाला जोडायला एच-इंडेक्सचा, म्हणजे पेपर आणि त्यांचे उल्लेख यांवरून ठरणाऱ्या आकड्याचा, दाखला हवा होता.

या भागात पातळ थरांचं, म्हणजे थिन फिल्मचं काम जुनं आहे. बीकर, वॉटर बाथ, घासून स्वच्छ केलेली स्टीलची पट्टी आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर इथे पीएचड्या झाल्या. पुढे सुपरकपॅसिटरची, म्हणजे झटपट चार्ज घेणाऱ्या-देणाऱ्या साधनांची, लाट आली तेव्हा हीच मंडळी त्यात सहज उतरली, कारण थर बसवायचं तंत्र हाताशी होतंच. मॅडमचंही तसंच. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी सांडपाण्यातलं शिसं आणि कॅडमियम मोजायच्या कामात घालवली. २०००च्या सुमारास पाऱ्याच्या इलेक्ट्रोडऐवजी बिस्मथचा थर वापरता येतो हे पुढे आलं होतं, ते इथल्या फाउंड्रीच्या पाण्यावर लावून पाहायचं, असं ते काम. नंतर निकेल आणि कोबाल्टची हायड्रॉक्साइडं, मग त्यांचे मिश्र थर. एकूण साठेक पेपर.

त्यातला एक पेपर बाकी सगळ्यांना पुरून उरणारा होता. निकेल फोमवर, म्हणजे निकेलच्या सच्छिद्र जाळीवर, निकेल हायड्रॉक्साइड बसवून एका ग्रॅममागे १९०० फॅरड (चार्ज साठवायच्या क्षमतेचं एकक) मिळाल्याचा तो पेपर. मॅडमच्या एकूण सायटेशनमधला, म्हणजे इतरांच्या पेपरांतल्या उल्लेखांमधला, मोठा वाटा या एकट्याचा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं, मधे दोघे सहकारी, करस्पाँडिंग ऑथर (पेपरच्या पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेली लेखिका) मॅडम आणि शेवटी त्यांचे निवृत्त गाईड.

अडचण पहिली: माणूस एक, खाती तीन

पेपर आणि त्यांचे उल्लेख नोंदवणाऱ्या स्कोपस या डेटाबेसवर शोधल्यावर मॅडम तीन ठिकाणी सापडल्या. लग्नाआधीच्या आडनावाने एक खातं, लग्नानंतरच्या आडनावाने दुसरं, आणि मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं या घोळात अडकलेले चार-पाच पेपर तिसऱ्यात. दुसऱ्या खात्यात शिवाय एक पाहुणा होता. लग्नानंतरचं आडनाव असं, की पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही एसटीत दोघे-तिघे भेटावेत. त्याच आद्याक्षरांच्या एका पॉलिमरवाल्या संशोधकाचे डझनभर पेपर मॅडमच्या नावावर जमा झाले होते आणि त्यातले काही चांगलेच गाजलेले होते.

एच-इंडेक्सची व्याख्या सोपी आहे. २००५ मध्ये जे. ई. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ती मांडली: किमान एच वेळा उल्लेख झालेले एच पेपर. पण ती बेरजेला बसत नाही. एका खात्याचा १४ आणि दुसऱ्याचा ९ असला तर एकत्र खात्याचा २३ होत नाही. मॅडमचा १७ भरला. पाहुण्याचे पेपर काढल्यावर १६. गुगल स्कॉलरवर मात्र तोच आकडा २२ दिसत होता, कारण तिथे प्रबंध, परिषदांचे गोषवारे, कुठेकुठे टाकलेल्या पीडीएफ असं सगळंच धरलं जातं.

मग दाखल्यावर काय लिहायचं? पर्याय तीन. आहे तसं राहू द्यायचं, म्हणजे पाहुण्याचा फायदा गुपचूप खिशात. गुगलचा आकडा द्यायचा. किंवा खाती दुरुस्त करून १६ लिहायचा, त्यातही स्वतःचे स्वतःला दिलेले उल्लेख वगळले तर आणखी एकाने कमी. विभागातल्या एकाने चौथा मार्गही सुचवला. व्हॉट्सअॅपवर एक गट होता, त्यात प्रत्येकाने प्रत्येकाचे तीन पेपर पुढच्या लेखात उद्धृत करायचे, अशी भिशी चालायची. मॅडमनी तो मेसेज मला दाखवला आणि गटातून बाहेर पडल्या. त्यावर फार चर्चा झाली नाही.

दुरुस्तीचा मार्ग त्यांनी पटकन निवडला, आणि तो वेळखाऊ निघाला. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक काढणं दहा मिनिटांचं काम. जुन्या आडनावाचे पेपर आपलेच आहेत हे स्कोपसला पटवणं, पाहुण्याचे पेपर एकेक करून बाहेर काढणं, त्यात आठवडे गेले.

आणि मग कळलं की हा आकडा कुणी मागितलाच नव्हता

इथे थोडं आडवळण घेतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात मोठा अपव्यय इथे झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत बढतीसाठी संशोधनाचे गुण कसे मोजायचे याचा तक्ता आहे. विज्ञान शाखेत एका पेपरला ८ गुण. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरमागे सरासरी उल्लेख) २ ते ५ असेल तर त्यात २० ची भर. लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे अशा एका पेपरचे मॅडमना १९.६ गुण, आणि नुसतं मधे नाव असेल तर ८.४. सहयोगी प्राध्यापकावरून प्राध्यापक व्हायला किमान ११० गुण लागतात. करस्पाँडिंग ऑथर म्हणून असे सहा पेपर असले की ११७.६ होतात, गुणांची अट संपली. किमान दहा पेपरची अट वेगळी आहे, ती त्यांनी कधीच ओलांडली होती.

या तक्त्यात सायटेशनला एकही गुण नाही. एच-इंडेक्सला नाही. ज्या पेपरचा उल्लेख पाचशेदा झाला आणि ज्याचा एकदाही झाला नाही, दोघांना त्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे तेच गुण. नियतकालिकाच्या सरासरीवरून पेपरची किंमत ठरवणं चुकीचं आहे हे जगभर बोललं जातं, सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा त्याच कारणाने निघाला. नियमावली मात्र त्याच सरासरीवर उभी आहे.

तरी दाखला कशाला? निवड समितीच्या मुलाखतीत विचारतात म्हणून. शिवाय विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यापीठाच्या सायटेशनची माहिती जाते, एनआयआरएफ क्रमवारीसाठी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून आकडे उचलले जातात, त्यामुळे कुलगुरू कार्यालयालाही ‘आपले’ जास्त सायटेशनवाले कोण हे हवं असतं. त्यात सायटेशनवरून काढलेली जॉन आयोनिडिस यांची जगातल्या वरच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी निघते आणि फ्लेक्स लागतात. मॅडमचं नाव त्यासाठी चर्चेत होतं, त्या एका पेपरच्या जिवावर.

अडचण दुसरी: रिकामा फोम

याच सुमारास मॅडमकडे नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने त्याच निकेल हायड्रॉक्साइडवर पुढचं काम सुरू केलं. तिने एक गोष्ट केली जी मूळ पेपरमध्ये नव्हती. नुसता फोम, थर न बसवता, त्याच गरम द्रावणात तेवढाच वेळ ठेवला, धुतला, वाळवला आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये त्याचा सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज वर-खाली नेत मोजलेल्या करंटचा आलेख) घेतला. रिकाम्या फोमनेही शिखरं दाखवली. आश्चर्य नाही, अल्कलीत निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड आपोआप तयार होतं आणि तेच चार्ज घेतं-देतं. प्रश्न किती, हा होता. एकूण चार्जचा जवळजवळ पाचवा हिस्सा फोमचा निघाला.

मग मॅडमनी जुनी वजनाची वही काढली. फोमचं वजन थर बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही नोंदी निळ्या शाईत. फरक ०.५ मिलिग्रॅम. आता तराजू होता चार दशांश स्थळांचा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या पलीकडे त्याला दिसतच नाही. त्यांनी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. वजन ०.५ धरलं तर १९०० फॅरड. ०.६ असेल तर १५८३. आणि ०.४ असेल तर २३७५.

हा शेवटचा आकडा अशक्य आहे. निकेल हायड्रॉक्साइडच्या एका रेणूने एक इलेक्ट्रॉन दिला तर एका ग्रॅममागे सुमारे १०४० कुलोम मिळतात, अर्ध्या व्होल्टच्या पट्ट्यात त्याचे २०८० फॅरड होतात. या हिशेबात त्यावर जायला जागाच नाही. म्हणजे मूळ पेपरचा दावा असा होता, की थरातल्या शंभरातल्या एक्याण्णव निकेल अणूंनी काम केलं. थोडा थांबून विचार केला असता तर हे तेव्हाच खटकलं असतं.

त्यात आणखी एक मेख. फॅरड हे एकक कपॅसिटरचं. ज्याचा व्होल्टॅमोग्राम आयताच्या जवळपास जातो, चार्ज व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत जातो, तिथे ते शोभतं. रुथेनियम ऑक्साइडचं तसं आहे, मँगनीज डायऑक्साइडचं तसं आहे. निकेल हायड्रॉक्साइडला स्पष्ट शिखरं असतात, डिस्चार्जच्या आलेखात सपाट पठार असतं. ती बॅटरी आहे, निकेल-कॅडमियमच्या सेलमध्ये हाच पदार्थ शतकभर बसलेला आहे. तिची क्षमता मिलिअँपिअर-तासात सांगायची. हे म्हणणारे लेख २०१४-१५ पासून मोठ्या नियतकालिकांत येत होते. मॅडमचा पेपर त्याच्या थोडा आधीचा.

ते पाचशे उल्लेख कसले होते?

मॅडमना मी सुचवलं, की काय करायचं ते ठरवण्याआधी हा पेपर कोण कशासाठी उद्धृत करतंय ते वाचू. आकडा नको, वाक्यं वाचू. आम्ही दोघं आणि ती विद्यार्थिनी, पेपर वाटून घेतले.

बहुतेक उल्लेख प्रस्तावनेतले निघाले. ‘संक्रमण धातूंची ऑक्साइडं आणि हायड्रॉक्साइडं सुपरकपॅसिटरसाठी आशादायक आहेत’ आणि पुढे कंसात दहा-बारा क्रमांक, त्यातला एक मॅडमचा. त्या वाक्यासाठी कुणी पेपर उघडला असेल असं वाटत नाही. दुसरा गठ्ठा तुलनेच्या तक्त्यांचा. या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येक पेपरच्या शेवटी एक तक्ता असतो: पदार्थ, पद्धत, द्रावण, फॅरड प्रति ग्रॅम, संदर्भ. शेवटच्या ओळीत ‘प्रस्तुत काम’. मॅडमचा १९०० तिथे कुणाला मागे टाकायला, कुणाला ‘आमचा थर पातळ असूनही’ म्हणायला उपयोगी पडत होता. एका तक्त्यातून दुसऱ्यात उचलताना कुणीतरी तो १९५० केला होता आणि पुढच्या तिघांनी १९५०च छापला. म्हणजे तिघांनीही मूळ पेपर पाहिला नव्हता, पाहिलं होतं ते फक्त आधीचं टेबल.

प्रत्यक्ष पद्धत वापरून थर बसवणारे मोजके. त्यातल्या एका गटाने एका ओळीत नम्रपणे लिहिलं होतं, की आम्हाला एवढी क्षमता मिळाली नाही.

सांडपाण्यातल्या शिशाच्या जुन्या पेपरला जेमतेम तीसेक उल्लेख. तेही आम्ही वाचले. त्यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी ‘नमुना त्यांच्या पद्धतीने आम्लात शिजवला’, ‘बिस्मथचं प्रमाण त्यांच्यानुसार ठेवलं’ अशी वाक्यं होती. कुणीतरी त्या पेपरमधलं काहीतरी हातात घेऊन काम केलं होतं. माझ्या मते मॅडमचा संशोधनावरचा परिणाम जर कुठे असेल तर तो तिथे होता. एच-इंडेक्समध्ये त्या पेपरने एक घर भरलं होतं, एकोणीसशेवाल्यानेही एकच.

पर्याय आणि ओढाताण

गप्प बसणं हा पर्याय होताच, आणि तो तितका बेशरम नव्हता जितका आता वाटतो. सगळं क्षेत्र त्याच पद्धतीने मोजत होतं. मॅडमच्या गाईड सरांचं म्हणणं तेच. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “अगं, सगळी दुनिया फॅरडमध्येच मोजतेय. तू एकटीने हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? पुढच्या पेपरमध्ये मिलिअँपिअर लिही, संपलं.”

पुढच्या पेपरमध्ये बरोबर लिहिणं, हा दुसरा पर्याय. यात जुन्याला हात लागत नाही. पण तक्ते जुन्यावरूनच बनत राहतात.

तिसरा, नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवणं. चौथा, पेपर मागे घेणं. प्रकाशन-नीतीचे प्रचलित संकेत असे, की निष्कर्षच विश्वासार्ह उरले नसतील तर माघार, छोटा भाग दिशाभूल करणारा असेल तर दुरुस्ती. थर तयार होतो, तो टिकतो, हजारो चक्रांनंतर चालतो, हे सगळं खरं होतं. चुकला होता तो आकडा आणि त्याचं एकक. मॅडमनी दुरुस्ती निवडली. मला आजही वाटतं की हा प्रश्न इतका सरळ नव्हता, कारण लोक तो पेपर ज्या एका गोष्टीसाठी उचलत होते ती गोष्ट नेमकी तोच आकडा होती. पण माघारीने विद्यार्थ्याचा पहिला पेपरच पुसला गेला असता.

खरी ओढाताण त्या विद्यार्थ्याची होती. तो तेव्हा दक्षिण कोरियात पोस्टडॉक करत होता. आपल्याकडची थिन फिल्मची बरीच पोरं तिकडे जातात, तसा तोही गेला, आणि गेला तो याच पेपरच्या बळावर. करार वर्षावर नूतनीकरणाला होता. दुरुस्तीवर सगळ्या लेखकांची संमती लागते. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग रात्री उशिरा फोन केला. “मॅडम, चूक माझी धरली जाईल ना?” मॅडमनी सांगितलं की मजकुरात ‘रिकाम्या फोमची तुलना मूळ कामात केलेली नव्हती’ एवढंच असेल, कुणी करायची होती ते नाही, आणि करस्पाँडिंग ऑथर म्हणून पत्र त्यांच्या सहीने जाईल. त्याने संमती दिली, एक अट घालून: त्याच्या तिथल्या प्राध्यापकांना आधी तो स्वतः सांगेल. सरांनी शेवटपर्यंत कुरकुर केली आणि सही केली.

वेळेचा प्रश्न उरला. मुलाखत दीड-दोन महिन्यांवर होती. मुलाखत होऊ द्या, मग पाठवा, असं मीच म्हणालो होतो. मॅडमनी आधी पाठवली. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता: नंतर पाठवली तर तारखा बघणारा म्हणेल की थांबून पाठवली.

काय केलं, काय झालं

घोडं अडलं ते कच्च्या नोंदींपाशी. संपादकांनी मूळ फाईली मागितल्या. पोटेन्शिओस्टॅटला (हे आलेख घेणाऱ्या यंत्राला) जोडलेला जुना संगणक बदलला होता, त्याची हार्ड डिस्क कपाटात सापडली, पण फाईलींची नावं ‘अ१’, ‘अ२’, ‘अ२ नवीन’, ‘अ२ फायनल’ अशी. कुठली कुठल्या नमुन्याची, हे वजनाच्या वहीतल्या तारखांशी जुळवत बसावं लागलं. मूळ नमुना उरला नव्हता. नवे थर बसवले, वजन दुसऱ्या विभागातल्या जास्त बारीक तराजूवर केलं, एकाऐवजी पाच-सहा फोम घेतले, रिकाम्याचा चार्ज वजा केला. हाती आलं सुमारे १७५ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. मूळचे १९०० फॅरड त्याच मापात २६४ होतात.

दुरुस्ती छापून आली ती मुलाखतीनंतर, काही महिन्यांनी. पेपरच्या मथळ्यातला ‘सुपरकपॅसिटर’ हा शब्द तसाच राहिला, मथळा बदलायला प्रकाशक तयार झाले नाहीत.

मुलाखतीत मॅडमनी स्वतःहून दुरुस्ती पाठवल्याचं सांगितलं. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी वजनाच्या तराजूबद्दल दोन प्रश्न विचारले, बाकीच्यांनी नियमावलीच्या तक्त्यातले गुण तपासले, ते आधीच पुरेसे होते. बढती झाली. एच-इंडेक्सच्या दाखल्याकडे कुणी पाहिल्याचं त्यांना आठवत नाही. दोन टक्क्यांच्या यादीसाठी विद्यापीठाने त्यांचं नाव पुढे करणं थांबवलं, खरं तर त्या यादीत नाव पाठवायची सोयच नसते, ती स्कोपसच्या आकड्यांवरून परस्पर बनते.

विद्यार्थ्याचा करार वाढला. त्याचा दुरुस्तीशी संबंध होता की नव्हता, सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रिकामा फोम पहिल्याच दिवशी मोजायला हवा होता, हे उघड आहे. अर्ध्या तासाचा प्रयोग. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते वजन. ज्या तराजूला ०.१ मिलिग्रॅमच्या आतलं दिसत नाही त्यावर ०.५ मिलिग्रॅम तोलून त्यावरून चार आकडी क्षमता छापायची, ही सवय एका प्रयोगशाळेची नाही. मोठा फोम घ्या, जाड थर बसवा, क्षमता थोडी कमी भरेल. ती कमी भरते म्हणूनच कुणी घेत नाही.

खात्यांच्या घोळाबाबत: आडनाव बदललं त्याच महिन्यात ऑर्किड काढून पुढच्या प्रत्येक पेपरला जोडला असता तर आठवडे वाचले असते. लग्नानंतरही पेपरवर जुनंच आडनाव ठेवणाऱ्या मुली आता विभागात आहेत, मॅडम त्यांना तसं सांगतात.

ग्रंथालयाच्या बाजूने एक बदल आम्ही केला. दाखला मागायला कुणी आलं की आधी विचारतो, कशासाठी? बढतीसाठी असेल तर पहिल्यांदा प्रत्येक पेपरवर पहिला लेखक कोण आणि करस्पाँडिंग कोण याची यादी करून देतो. आकडा हवाच असेल तर कुठल्या ठिकाणचा, कुठल्या तारखेचा आणि स्व-उल्लेख धरून की वगळून, हे दाखल्यावर छापतो.

आणि त्या पेपरचे उल्लेख वाढतच आहेत. दुरुस्ती त्याच पानावर, मथळ्याखाली दुव्यासकट दिसते. तरी अलीकडच्या तक्त्यांतही १९०० आहे, दोन ठिकाणी तर १९५०. मॅडमनी त्या दोघांना मेल केली. एकाकडून उत्तर आलं, त्याला रिकाम्या फोमच्या कच्च्या फाईली हव्या होत्या. त्या त्याला पाठवल्या, या वेळी नीट नावं देऊन.